अस्थी कोणाच्या? कायदा, भावकी आणि स्मशानातली पावती

वडील गेले की त्यांचा फ्लॅट कोणाला, शेत कोणाला, बँकेतली ठेव कोणाला, याची उत्तरं कायद्यात आहेत. मृत्युपत्र नसेल तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानुसार पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना सारखा वाटा मिळतो. पण त्याच वडिलांच्या अस्थी कोणी ताब्यात घ्यायच्या, नाशिकला न्यायच्या की आळंदीला, की रक्षा गावच्या शेतात टाकून वर आंब्याचं रोप लावायचं, हे ठरवणारं कलम भारतीय कायद्यात नाही. स्मशानात वारस दाखला कोणी मागत नाही आणि अस्थींना नॉमिनीही नसतो.

बहुतेक घरांत त्याची गरजही पडत नाही. तिसऱ्या दिवशी घरची चार माणसं सावडायला जातात. कोल्हापूर-सांगलीकडे तर निधनाच्या बातमीतच 'रक्षाविसर्जन शुक्रवारी सकाळी 9 वाजता' असं छापून येतं आणि विषय तिथेच मिटतो. अडतं ते दोन संसार असलेल्या माणसाच्या मागे, नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या बाईच्या बाबतीत, आंतरधर्मीय लग्नात, किंवा एक भाऊ पुण्यात आणि दुसरा न्यू जर्सीत असतो तेव्हा. अशा वेळी दोन्ही बाजू 'आमचा हक्क आहे' म्हणतात. तो हक्क नेमका कसला, हे एकदा नीट समजून घेतलेलं बरं.

मालमत्ता नाही, म्हणून मालकही नाही

आपल्याकडच्या कायद्याचा बराचसा पाया इंग्रजी कायद्यातून आला, आणि त्यात एक जुनं तत्त्व आहे: माणसाचा मृतदेह ही कोणाची मालमत्ता नसते. 1882 मध्ये लंडनच्या न्यायालयात विल्यम्स विरुद्ध विल्यम्स हा खटला चालला. आपल्या देहाचं दहन करावं असं त्या गृहस्थाने मृत्युपत्राच्या पुरवणीत लिहून ठेवलं होतं आणि ते काम एका मैत्रिणीवर सोपवलं होतं. घरच्यांनी दफन केलं. तिने नंतर देह उकरून परदेशात नेऊन दहन केलं आणि खर्च मागितला. न्यायालयाने सांगितलं की देह मालमत्ता नाही, तेव्हा मृत्युपत्राने तो कोणाला देता येत नाही. अंत्यसंस्कार होईपर्यंत देह ताब्यात ठेवण्याचा अधिकार एक्झिक्युटरचा, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणणाऱ्याचा.

देहाबद्दलचं हे तत्त्व राखेलाही लावायचं का, यावर वेगवेगळ्या देशांत वेगवेगळे निकाल आहेत. व्यवहारात मात्र सूर एकच दिसतो. अस्थींची मालकी नसते, ताबा असतो, आणि तो योग्य रीतीने विसर्जन किंवा जतन करण्यापुरता असतो. त्यामुळे 'माझा तिसरा हिस्सा मला द्या' ही भाषा इथे लागू पडत नाही.

भारतात न्यायालयांनी वेगळ्या बाजूने विचार केला: मृताची प्रतिष्ठा. फाशी दिल्यावर कैद्याचा देह अर्धा तास तसाच लटकत ठेवण्याच्या तुरुंग नियमाला आव्हान मिळालं होतं. 1995 च्या परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की घटनेच्या 21 व्या कलमातली प्रतिष्ठा मृतदेहालाही आहे. 2002 मध्ये आश्रय अधिकार अभियानाच्या प्रकरणात बेघर, बेवारस मृतांवरही त्यांच्या धर्माप्रमाणे नीट अंत्यसंस्कार व्हावेत हा मुद्दा पुढे आला. फौजदारी कायद्यातही एक तरतूद आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्या कलम 301 मध्ये (जुन्या दंड संहितेत 297) भावना दुखावण्याच्या हेतूने दफनभूमीत, अंत्यविधीच्या जागेत किंवा मृतांचे अवशेष ठेवायच्या जागेत घुसणं आणि अंत्यविधीत अडथळा आणणं हा गुन्हा आहे. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. म्हणजे सावडण्याच्या वेळी स्मशानात हाणामारी करणारी भावकी पोलिसांच्या कचाट्यात सापडू शकते. अस्थी कोणाकडे द्यायच्या हे मात्र तेच पोलीस सांगू शकत नाहीत. बहुतेक वेळा ते 'हा दिवाणी वाद आहे, कोर्टात जा' म्हणून हात वर करतात, आणि कायद्याने बघितलं तर त्यांचं चुकतही नाही.

मग प्रत्यक्षात चालतं काय?

पावती चालते.

शहरातल्या स्मशानभूमीत देह नेला की आधी कार्यालयाच्या खिडकीशी जावं लागतं. डॉक्टरांचा मृत्यूच्या कारणाचा दाखला, मृताचं आधार कार्ड, आणि घेऊन येणाऱ्याचं ओळखपत्र. कारकून रजिस्टरमध्ये मृताचं नाव, वय, पत्ता लिहितो, आणि पुढच्या रकान्यात 'नातं' विचारून अंत्यविधी करणाऱ्याचं नाव व सही घेतो. त्या गडबडीत ती सही कोण करतं? घरची मंडळी रडत असतात, मोठा मुलगा मडकं धरून उभा असतो. सही करतो एखादा चुलतभाऊ, मेहुणा, सोसायटीचा सेक्रेटरी, ज्याच्या खिशात पेन आणि डोक्यात भान शिल्लक आहे तो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अस्थी मागायला गेलं की ती पावती दाखवायची, नाव जुळलं की मडकं हातात. विद्युत किंवा गॅसदाहिनी असेल तर हेच काही तासांत उरकतं. अस्थी घरात आणायच्या नाहीत ही रीत गावाकडे झाडाला गाठोडं बांधून पाळतात. शहरात काही स्मशानभूमींत त्यासाठी लॉकर असतात, आणि त्याची किल्लीही पावतीवाल्याकडेच जाते.

पुढे वाद झाला तर पहिला ताबा त्याच माणसाचा, आणि असा ताबा हलवणं फार अवघड. त्यामुळे माझं स्पष्ट मत आहे की मयताची पत्नी किंवा नवरा हयात असेल तर रजिस्टरमध्ये नाव तिचं किंवा त्याचं घालावं. बाई स्मशानात येत नसतील तर मुलीचं, मुलाचं. 'बायकांचं तिथे काय काम' म्हणणारे अजून आहेत, पण रजिस्टरच्या रकान्याला ते लागू नाही. बाईने अग्नी देऊ नये, अस्थी नेऊ नयेत असं कोणताही कायदा म्हणत नाही. अनेक घरांत मुली अग्नी देतात, दिवस करतात, आणि गुरुजीही सांगतात कसं करायचं ते.

अवघड प्रकरण दोन संसारांचं. पहिलं लग्न कायम असताना हिंदू माणसाने केलेलं दुसरं लग्न कायद्याने रद्दबातल असतं. त्यातली मुलं मात्र 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम 16 नुसार औरस मानली जातात. आता समजा, हे गृहस्थ शेवटची दहा-बारा वर्षं दुसऱ्या घरात राहिले, आजारपण तिथेच काढलं, दवाखान्याचं बिल तिने भरलं, आणि निधनानंतर पहिली पत्नी दारात आली. कायद्याने पत्नी पहिलीच. पण रजिस्टरवर सही दुसऱ्या घरच्या मुलाची, आणि तोही कायद्याने मुलगाच. घटस्फोटाचा दावा नुसता चालू असेल तरी बाई अजून पत्नीच असते, हेही नात्यातल्या लोकांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

अशा वेळी कोर्टाकडे जायचा रस्ता दिवाणी मनाईहुकुमाचा. दाव्यासोबत तातडीचा अर्ज करून 'निकाल लागेपर्यंत अस्थींचं विसर्जन करू नये' एवढंच आधी मागायचं, कारण एकदा गोदावरीत सोडलेलं परत आणता येत नाही आणि मग दाव्यात मागायला काहीच उरत नाही. त्याच दिवशी स्मशानभूमीच्या कार्यालयाला लेखी पत्र देऊन पोच घ्यावी. अस्थी अजून तिथल्याच ताब्यात असतील तर हरकतीचं पत्र समोर असताना कारकून सहसा मडकं कोणाच्या हाती देत नाही. वकिलाच्या नोटिशीपेक्षा या साध्या पत्राचा उपयोग जास्त होतो. उलट, आपल्याविरुद्ध कोणी असा हुकूम आणेल अशी भीती असेल तर कोर्टात कॅव्हेट टाकून ठेवता येतं, म्हणजे आपलं म्हणणं ऐकल्याशिवाय आदेश निघत नाही.

मृत्युपत्रात लिहिलं तर?

1925 च्या भारतीय वारसा कायद्यात मृत्युपत्राची व्याख्याच अशी आहे: आपल्या मालमत्तेबद्दल मृत्यूनंतर काय व्हावं याची कायदेशीर घोषणा. अस्थी मालमत्ता नसल्याने त्याबद्दलची ओळ इच्छा म्हणून राहते, तिच्या जोरावर वसुली होत नाही. त्याच कायद्यात कलम 316 आहे, त्याकडे लोकांचं लक्ष जात नाही. मालमत्ता पुरेशी असेल तर मृताच्या ऐपतीला शोभेल अशा अंत्यविधीसाठी पैसे पुरवणं हे एक्झिक्युटरचं कर्तव्य आहे. आणि कलम 320 नुसार अंत्यविधीचा वाजवी खर्च सगळ्या कर्जांच्या आधी फेडायचा. म्हणजे नाशिकचा खर्च कोणी करायचा यावरून भांडण असेल तर उत्तर कायद्यात आहे: मयताच्या पैशातून. न्यायचं की नाही, यावर मात्र कायदा गप्प.

पंडित नेहरूंचं उदाहरण बोलकं आहे. त्यांनी 1954 मध्ये मृत्युपत्र केलं. आपल्यामागे धार्मिक विधी करू नयेत, मूठभर रक्षा अलाहाबादला गंगेत सोडावी आणि उरलेली विमानातून देशातल्या शेतांवर विखरावी, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. 1964 मध्ये रक्षा गंगेतही गेली आणि शेतांवरही पडली. विधी नकोत ही अट मात्र पाळली गेली नाही. दहन हिंदू पद्धतीने, मंत्रोच्चारात झालं. देशाच्या पंतप्रधानाची ही गत, तर आपल्या ओळीवर फार विसंबायला नको.

क्रांतिकारक श्यामजी कृष्णवर्मांनी वेगळी वाट धरली. 1930 मध्ये जिनिव्हात त्यांचं निधन झालं. देश स्वतंत्र झाल्यावरच अस्थी मायदेशी जाव्यात अशी त्यांची इच्छा होती, आणि ती त्यांनी नातेवाइकांच्या भरवशावर सोडली नाही. तिथल्या दफनभूमीशी शंभर वर्षं अस्थी सांभाळण्याचा करार करून पैसे आधीच भरून ठेवले. 2003 मध्ये त्यांच्या आणि पत्नी भानुमती यांच्या अस्थी भारतात आल्या, कच्छमधल्या मांडवीला नेल्या गेल्या. कराराला अजून सव्वीस-सत्तावीस वर्षं बाकी होती!

आणि इच्छेला कोर्टात किंमतच नसते असंही नाही. केरळमधले ज्येष्ठ कम्युनिस्ट नेते एम. एम. लॉरेन्स 2024 मध्ये गेले तेव्हा देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यायचा की ख्रिस्ती पद्धतीने दफन करायचा, यावरून त्यांच्या मुलामुलींतच वाद पेटला. देहदानाची इच्छा त्यांनी मुलाजवळ बोलून दाखवली होती. केरळ उच्च न्यायालयाने देहदान कायम ठेवलं, पुढे सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. बोललेली इच्छा एवढी टिकली, तर लिहिलेली आणखी टिकेल. फक्त ती मृत्युपत्रात पुरून ठेवू नये. मृत्युपत्र उघडतात तेराव्यानंतर, तोवर अस्थी प्रवाहात गेलेल्या असतात. एका साध्या कागदावर निर्णय कोणी घ्यायचा त्या एकाच माणसाचं नाव, कुठे न्यायचं, कोणते विधी हवेत किंवा नकोत, एवढं लिहून, सही करून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन प्रत घरात सगळ्यांना देऊन ठेवावी. 'मुलांनी एकमताने ठरवावं' असं लिहिण्यापेक्षा न लिहिलेलं बरं; एकमत असतं तर कागद लागलाच नसता.

वाटणी करावी का?

इथे आपली रीत आणि पाश्चात्त्य कोर्टं समोरासमोर येतात. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये घटस्फोटित आईवडिलांचा तरुण मुलगा अपघातात गेला. त्याच्या रक्षेचं दफन कुठे करायचं यावर जमेना, तेव्हा वडिलांनी रक्षेची निम्मी वाटणी मागितली. आईला ते धर्माच्या दृष्टीने मान्य नव्हतं. 2014 मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने सांगितलं की रक्षा ही वाटणीयोग्य मालमत्ता नाही. इंग्लंडमध्येही 1999 च्या अशाच एका खटल्यात न्यायाधीशांना वाटणी अजिबात पटली नाही.

आपल्याला मात्र एकाच माणसाच्या अस्थी तीन ठिकाणी जाण्यात काही वावगं वाटत नाही. थोड्या रामकुंडात, थोड्या प्रयागला, थोड्या गावच्या नदीत. गांधीजींच्या अस्थी तर 1948 मध्ये कलशाकलशाने देशभर गेल्या. त्यातून पुढे काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. एक कलश कटकच्या स्टेट बँकेच्या तिजोरीत पडून राहिला. तो मिळवायला पणतू तुषार गांधींना कोर्टात जावं लागलं, आणि 30 जानेवारी 1997 ला तो प्रयागच्या संगमात विसर्जित झाला. दुसरा एक कलश दुबईतल्या एका व्यावसायिकाने मुंबईच्या मणिभवन या गांधी संग्रहालयाकडे पाठवला. संग्रहालयात ठेवायचा की विसर्जन करायचं, हा प्रश्न कुटुंबापुढे आला. त्यांनी विसर्जन निवडलं, आणि 30 जानेवारी 2008 ला गिरगाव चौपाटीसमोरच्या समुद्रात हरिलाल गांधींच्या नात नीलम पारीख यांच्या हातून ते झालं. बापाला अग्नी देणं ज्या थोरल्या मुलाच्या वाट्याला आलं नाही, त्याच्या नातीला हा मान घरच्यांनी दिला. कोणत्याही कोर्टाला असा निवाडा सुचला नसता.

म्हणून भांडण फक्त 'कुठे' याचं असेल तर दोन कलश करावेत, विषय संपतो. दोघांपैकी एकाला विसर्जनच नको असेल, जतन करायचं असेल, तरी हाच तोडगा चालतो. बौद्ध परंपरेत अस्थी जतन करण्याला जुना मान आहे. दादरची चैत्यभूमी आणि नागपूरची दीक्षाभूमी इथे बाबासाहेबांच्या अस्थी आहेत, आणि लाखो लोक तिथे नतमस्तक होतात. घरात कलश ठेवू नये अशी श्रद्धा असेल तर ती पाळावी, कायद्याची त्याला आडकाठी नाही. पश्चिम महाराष्ट्रातल्या कित्येक गावांनी नदीऐवजी शेतात रक्षा टाकून झाड लावायला सुरुवात केली आहे. इथे एकच व्यावहारिक सूचना: शेत सामाईक असेल तर झाड कोणाच्या वाट्याच्या बाजूला येतंय ते आधी बघा, नाहीतर पुढच्या वाटणीत बापाचं झाड हा नवा मुद्दा उभा राहतो.

परदेशात गेलेल्यांचं

तिकडे मात्र सगळं नियमात बांधलेलं आहे, आणि आपली माणसं गोंधळतात ती इथेच. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2008 च्या दहन नियमांनुसार ज्याने दहनाचा अर्ज केला त्याला, किंवा तो ज्याचं नाव देईल त्याला रक्षा मिळते. अर्जातच विचारतात की जवळच्या सगळ्या नातेवाइकांना कळवलं आहे का, कोणाची हरकत आहे का. म्हणजे लंडनमध्ये सून अर्ज भरत असेल तर रक्षा तिची. साताऱ्याहून सासूबाईंनी फोनवर कितीही सांगितलं तरी क्रिमेटोरियम तिकडे लक्ष देणार नाही. हरकत असेल तर ती दहनाच्या आधी, लेखी कळवायची.

अमेरिकेत प्रत्येक राज्याचा कायदा निराळा. न्यू जर्सीत आपले लोक भरपूर, तिथला क्रम असा: मृताने मृत्युपत्रात अंत्यविधीसाठी नेमलेली व्यक्ती, मग जोडीदार, मग सज्ञान मुलांचं बहुमत, मग आईवडील, मग भावंडांचं बहुमत. बहुमत, थोरला मुलगा नव्हे. तिघांपैकी दोन बहिणींनी न्यू जर्सीतच रक्षा ठेवायची ठरवली तर पुण्यातल्या थोरल्या भावाला कायद्याने काही करता येत नाही. आणि तिथे नेमणूक मृत्युपत्रातून करता येते, कायदा ती मानतो. भारतात नसलेली ही सोय तिकडच्या मंडळींनी जरूर वापरावी.

रक्षा भारतात आणायची असेल तर मृत्यू दाखला, दहनाचा दाखला, मृताचा पासपोर्ट आणि तिथल्या भारतीय वकिलातीचं ना-हरकत पत्र ही कागदपत्रं गोळा करावी लागतात; विमान कंपनीला आधी विचारून घ्यावं. आणणारा परदेशी नागरिक असेल तर त्याचा व्हिसा किंवा ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) वेगळं. तिकडे हाडांचे तुकडे न देता ते दळून बारीक भुकटी देतात, दोन-तीन किलोची, प्लास्टिकच्या डब्यात. हौसेने तांब्याच्या कलशात भरून विमानतळावर नेऊ नका. धातूतून एक्स-रे पार होत नाही, आणि अमेरिकेतले सुरक्षा कर्मचारी विनंती केली तरी कलश उघडत नाहीत. आतलं दिसलं नाही तर तो पुढे जात नाही. डबा लाकडी किंवा प्लास्टिकचा, सामान हातातलं. तांब्याचा कलश नाशिकला विकत मिळतो.

भारतात येणं जमणार नसेल तर तिथेही सोय आहे. इंग्लंडमध्ये लेस्टरजवळच्या सोअर नदीत हिंदू-शीख कुटुंबं ठरलेल्या जागी विसर्जन करतात. अमेरिकेत समुद्रात सोडायचं तर किनाऱ्यापासून किमान तीन सागरी मैल आत जावं लागतं आणि तीस दिवसांत पर्यावरण संस्थेला कळवावं लागतं. प्लास्टिकची फुलं, हार बरोबर टाकता येत नाहीत, झेंडू चालतो.

कोणीच न्यायला आलं नाही तर काय, हा शेवटचा प्रश्न. इंग्लंडमध्ये क्रिमेटोरियम अर्जदाराला चौदा दिवसांची नोटीस देऊन रक्षा आपल्या आवारात सन्मानाने पुरू किंवा विखरू शकतं. आपल्याकडे कोविडच्या लाटेत स्मशानांत मडक्यांच्या रांगा लागल्या, तेव्हा स्वयंसेवी संस्थांनी सामुदायिक विसर्जन केली. त्यामुळे वाद मिटेपर्यंत 'राहू दे तिथेच' म्हणून अस्थी स्मशानात ठेवणार असाल तर किती दिवस ठेवतात, भाडं किती, आणि मुदत संपली की काय करतात, हे त्याच खिडकीशी विचारून पावतीच्या मागे लिहून घ्या, खाली कारकुनाची सही.